शकूची ओळ

१२ मार्च, गुरुवार

आज माझ्या दोन्ही कानांत मशीन बसवली. पनवेलच्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या स्नेहा मॅडम आहेत. त्यांनी सांगितलं, आजी, दोन महिने रोज लिहून ठेवा, काय ऐकू आलं आणि काय नाही. त्यावरून मी मशीन जुळवत जाईन. मी म्हटलं, बाई, मला अंगठ्यापलीकडे काही येत नाही. म्हणाल्या, कुणाकडून तरी लिहून घ्या. म्हणून ही वही. मी सांगते, माझी सून मनिषा लिहिते. तिचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला काय, तिने इथे वाण्याची यादी लिहिली तरी मी मान डोलावणार.

ठरलंय ते असं, की कामाच्या चार ओळी वेगळ्या कागदावर उतरवून मॅडमना द्यायच्या. बाकीचं आमचं आमच्यात.

तर काय ऐकू आलं? पंखा. मिक्सर. माझीच चप्पल. कोन गावातल्या आमच्या घरामागून हायवेच्या गाड्या जातात हे माहीत होतं, पण इतक्या जातात हे विसरले होते. मनिषा भाजी निवडताना स्वतःशी बोलते, हेही आज कळलं. माझ्याबद्दलच बोलत होती. चालू दे.

काय नाही ऐकू आलं? ज्याच्यासाठी मशीन घातली, ते अजून बाकी आहे.

१४ मार्च, शनिवार

माझ्या नातवाने, मितेशने, टीव्हीशेजारी काडेपेटीएवढी एक डबी ठेवली. तिच्यातून टीव्हीचा आवाज थेट माझ्या कानात येतो. बाहेर टीव्ही मुका. मितेश म्हणाला, "आजी, आता तुझा आवाज तुला, आमची शांतता आम्हाला." घरात या मशीनचं एवढं कौतुक कशाचं, ते तेव्हा कळलं. इतकी वर्षं माझ्यामुळे टीव्ही अख्ख्या आळीला ऐकू जात होता.

डबी चांगली आहे, खोटं का बोलू. मालिकेतली सासू कुजबुजते तेही कळलं. पण मी उठून मोरीत गेले, तर सासू माझ्याबरोबर मोरीत. चहा ठेवायला गेले, तर तिथेही तिचं रडगाणं. शेवटी ओरडले, "बाय, मना जरा एकटीला र्‍हाऊ दे!" समोर भाविका, माझी नात. तिला वाटलं, तिलाच. लग्न दीड महिन्यावर आलेली पोरगी, तिला रडायला निमित्तच हवं असतं.

१७ मार्च, मंगळवार

शकू आली होती.

मनिषा म्हणते, शकू कोण ते वहीला माहीत नाही. बरं, लिही. शकू गव्हाणची. मी आणि ती चाळीस वर्षं जोडीने धवले गातो. आमच्या आगऱ्यांच्या लग्नाला भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडवात देवांना बोलवायचं, घरातल्या गेलेल्या माणसांना बोलवायचं, ते आमच्या गाण्यातून. एक ओळ मी टाकायची, शकूने ती उचलून पुढची द्यायची. माझे डोळे मिटलेले असतात. उघडे ठेवले की मला बायकांच्या साड्या दिसतात आणि ओळ निसटते.

गेलेल्यांची नावं शकूच्या ओळीत आहेत. मी विचारायचं, "मांडवाचे दारी गो, कोन पावना उभा?" आणि शकूने नाव घेऊन त्याला आत बोलवायचं. असं एकेक नाव. आमच्या स्वतःच्या घरचं लग्न असलं, तर हे पक्कं पाळायचं. मला शिकवणाऱ्या साळूआत्याचा दंडकच होता: आपल्या घरचं गेलेलं माणूस आपण बोलवू नये, जोडीदारणीने बोलवावं. घरच्या माणसाच्या हाकेत रड येते, आणि रड ऐकून आलेला माणूस परत जायला बघत नाही.

भाविकाच्या हळदीला तिच्या बापाला बोलवायचं आहे. माझ्या रमेशला. अकरा वर्षं झाली. शकू त्याला मांडवात बोलावणार आणि ते मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे. एवढ्यासाठी मी ही मशीन घालून घेतली. टीव्ही गेला उडत.

मनिषा, थांबलीस का? लिही. तुझा नवरा होता तसा माझा मुलगाही होता.

तर आज बसलो सरावाला. माझा सूर लांबला की मशीन तो मध्येच चावते. थरथर, थरथर, जशी काही मी थंडीत कुडकुडते आहे. आणि शकूची ओळ तर चिंध्या होऊन आली. नावांच्या जागी काहीच नाही. मी म्हटलं, "शके, मोठ्याने बोल गो." ती म्हणाली, "बोलतेच हाय, भामे. तू बहिरी, त्याला मी काय करू?"

एवढी महागाची मशीन आणि हे ऐकायचं.

२४ मार्च, मंगळवार

दवाखान्यात गेलो. स्नेहा मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला लावली आणि पहिलं वाक्य, "आजी, तुम्ही दिवसाला तीनच तास घालता की!" मशीन आतल्या आत तास मोजते म्हणे. म्हणजे मी हिला डोक्यावर घेऊन फिरायचं आणि हिने जाऊन माझी चुगली करायची. मी म्हटलं, बाकीचा वेळ मी देवपूजा करते. मॅडम म्हणाल्या, देवपूजेतही चालते.

सुराचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मशीन बोलण्यासाठी बनवलेली असते. लांब सूर आला की तिला वाटतं, आपणच शिट्टी मारतोय. म्हणून ती तो दाबते. तुम्ही गाता हे घरच्यांनी मला सांगितलंच नाही!" मी मितेशकडे बघितलं. तो मोबाइलकडे बघत होता. घरच्यांनी सांगितलं होतं, आजीला टीव्ही ऐकायचा आहे.

आता तीन नंबरवर गाण्याची वेगळी सोय करून दिली. तिथेच खोलीत मला गायला लावलं. बाहेर बाकावर कान दाखवायला आलेले म्हातारे बसले होते. एक म्हणाला, "वा!" त्याला बरं ऐकू आलं.

माझा सूर सरळ आला. किती दिवसांनी ऐकला मी माझा गळा. म्हातारा झालाय.

३१ मार्च, मंगळवार

शकूला यायला दुपार झाली. गव्हाणहून निघाली सकाळी नऊला. तिचा मुलगा जगन तिला रिक्षाने सोडतो, पण आज त्याला भाडं होतं, म्हणून बसने आली आणि कुठे उतरली कोण जाणे. एका पोलिसाने मितेशला फोन केला. मनिषा विचारते, आई, मी या घरात आले तेव्हापासून पंचवीस वर्षं मावशींना इथे येताना बघतेय, त्या रस्ता कशा चुकल्या? मी म्हटलं, रस्ता जागेवर राहिलाय का? पूल काय, विमानतळ काय, बोगदे काय. दर महिन्याला वळण बदलतं. मीसुद्धा चुकेन. तू लिही.

आज माझी ओळ चोख. शकूचं देवांचं बोलावणं चांगलं आलं, निम्मंअर्धं. नावांच्या जागी पुन्हा काही नाही. मी "कोन पावना उभा" म्हणून थांबले. कानात पंखा, कानात कुकर, कानात वरून जाणारं विमान. शकू सोडून सगळं जग.

"बोललीस का गो?"

"बोलले ना. रमेश, त्याचा बापूस, सगली बोलावली. तुझी मशीन बिघडली हाय. पैसे परत माग."

मशीन काढून तिच्या पेटीत टाकली. मोजू दे तास.

३ एप्रिल, शुक्रवार

आता नवीनच. मॅडम पनवेलात आणि मी कोनला ओट्यावर, आणि त्या फोनवरून माझ्या कानातली मशीन फिरवतात. मितेशच्या फोनवर त्यांचं तोंड दिसत होतं. माझ्या लहानपणी कान दुखला की बैलगाडीतून पनवेलला न्यायचे, तिथपर्यंत दुखणं थांबलेलं असायचं किंवा पोर बहिरं झालेलं असायचं. आता डॉक्टर घरात न येता कानात शिरतो. हे चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही.

मॅडमनी मनिषाला मागे जाऊन हळू बोलायला सांगितलं. मनिषा पाठीमागून पुटपुटली, "आई, साखर कमी खा." ऐकू आलं. भाविका आतल्या खोलीतून बोलली, ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, सगळं छान आहे.

"छान कसं? शकू ऐकू येत नाही."

"फक्त त्याच?"

"फक्त तीच. आणि तीसुद्धा एकाच जागी."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी दोघी गाताना रेकॉर्ड करून आणा, मी ऐकते.

७ एप्रिल, मंगळवार

मितेशने फोन मध्ये ठेवला. आम्ही गायलो. नावांच्या जागी मशीनने पुन्हा खाल्लं.

शकूला आज थट्टा सुचली होती. मध्येच विचारते, "लगीन कोनाचं हाय गो?" मी म्हटलं, "तुझं. नवरा बघितलाय, तो पन बहिरा हाय." ती हसली. चहा पिताना पुन्हा विचारलं. जाताना चप्पल घालताना पुन्हा. तीनदा एकच थट्टा, म्हणजे म्हातारी झाली. पूर्वी दर वेळी नवीन काढायची.

९ एप्रिल, गुरुवार

स्नेहा मॅडमनी मोठे हेडफोन घालून आमचं रेकॉर्डिंग ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मितेशलाही एक बाजू दिली. मग हेडफोन काढला आणि म्हणाल्या, मशीन अगदी बरोबर चाललीय, आजी.

मी म्हटलं, हेच ऐकायला मी रिक्षा करून आले?

मग त्यांनी भलतंच सुरू केलं. मावशींचं वय किती, त्या घरी कुणाबरोबर असतात, त्यांना कुठल्या डॉक्टरांना दाखवलंय का. मी म्हटलं, "तिला ऐकू येतं हो, माझ्यापेक्षा चांगलं." मॅडम म्हणाल्या, "कानाचं नाही म्हणत मी." मग कशाचं म्हणत होत्या? नवीन गिऱ्हाईक शोधत होत्या, दुसरं काय. मी उठलेच.

दारात म्हणाल्या, "एक कराल का? ऐकू आलं नाही असं वाटेल तेव्हा समोरच्याच्या तोंडाकडे बघा. त्यानेही पुष्कळ कळतं." मी म्हटलं, धवल्याला माझे डोळे मिटलेले असतात.

मितेश घरी येईपर्यंत गप्प. कामावरून अर्धी सुट्टी गेली म्हणून असेल. मी म्हटलं, पुढच्या वेळी मी भाविकाला घेऊन येईन, तुझं तोंड नको.

१२ एप्रिल, रविवार

आज मला राग आलाय. सगळं लिही.

माझ्या दिरांचा मुलगा नीलेश. त्याच्या लग्नाची शूटिंग सात वर्षांपूर्वीची. भाविकाला बघायचं होतं हळदीला कोण कसं बसलं होतं, म्हणून मितेशने ती टीव्हीवर लावली. डबी चालू होती, म्हणजे आवाज सरळ माझ्या कानात. नीलेशच्या मांडवात मी आणि शकू. मी डोळे मिटून. शकू माझ्या उजव्या अंगाला, नाकात मोठी नथ, ती तिच्या सासूची. मी विचारलं, "कोन पावना उभा?" आणि शकूने नावं घेतली. न थांबता, न अडखळता, अकरा नावं. सातवं नाव रमेश.

मी तिच्या शेजारी बसले होते. कान तेव्हाच गेलेले. सात वर्षांपूर्वी तिने माझ्या मुलाला हाक मारली आणि ती मी आज ऐकली, टीव्हीतून.

मी मितेशला म्हटलं, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. तीनदा लावलं. मग सरळ सांगितलं की माझं म्हणणं खरं होतं. डबीतून शकू स्पष्ट येते आणि समोर बसली की येत नाही. म्हणजे टीव्हीची मशीन चांगली आणि बाहेरची खराब. उद्याच्या उद्या दवाखान्यात जाऊन सांग की शकूसाठी पण एक डबी द्या, ती तिच्या गळ्यात बांधू.

भाविका उठून गेली. मनिषा हळूच म्हणाली, "आई, मशीन एकच आहे."

मी म्हटलं, तुला काय कळतं मशीनमधलं. मालिकेत कोण कुणाची सवत ते तुला विचारावं.

हे लिहिताना तिने माझ्याकडे बघितलं. बघू दे. आज एवढंच.

१३ एप्रिल, सोमवार

काही नाही. मशीन पेटीत.

१४ एप्रिल, मंगळवार

शकू आली. जगनने सोडलं. बसलो. मशीन घातली, तीन नंबर लावला.

मांडवाची ओळ झाली. देवांची झाली. मग मी म्हटलं, "मांडवाचे दारी गो, कोन पावना उभा?" आणि डोळे उघडले.

शकूचं तोंड बंद होतं.

ती माझ्याकडे बघत होती. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारल्यावर पोरं शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, तशी. माझे ओठ हलतील आणि त्यातून तिला पुढचं मिळेल म्हणून. किती दिवस अशी बघत असेल? मी मिटून बसलेली.

माझे डोळे उघडे बघून ती दचकली. लगेच म्हणाली, "बोलले ना मी. तुना ऐकू नाय आलं."

मी म्हटलं, "नाय आलं गो. मशीन खराब हाय."

१६ एप्रिल, गुरुवार

जगनला बोलावून घेतलं. शकूचं विसरणं त्याला दिवाळीपासून माहीत आहे. डोक्याचा फोटो काढला, गोळ्या चालू आहेत, गोळ्यांनी परत येत नाही, फक्त हळू जातं. "आये बोलली, भामामावशीला सांगू नको. लगीन होऊ दे." मनिषाला शकू रस्ता चुकली तेव्हाच शंका आली होती. मितेशला रेकॉर्डिंग ऐकून कळलं. स्नेहा मॅडमना कळलं. अख्ख्या पनवेल तालुक्यात एक मी राहिले होते, कानात दोन मशीन घालून.

सगळ्यांवर राग काढून झाला. माझ्यावर काढायचा राहिलाय.

जगन म्हणतो, मावशी, हळदीला आईला आणत नाही. गर्दीत ती घाबरते, डीजेने तर रडते. आणि मांडवात गप्प बसली तर लोक हसतील.

मितेशने उपाय काढला. नीलेशच्या शूटिंगमध्ये बाबांचं नाव आहेच. तेवढी ओळ कापून घेऊ, साफ करू आणि डीजेच्या स्पीकरवर लावू. तू प्रश्न विचार, पुढचं डीजेवाला लावेल. शकूमावशीचाच आवाज, एक नंबर येईल, कुणाला कळणारही नाही.

पोरगा मनाने चांगला आहे. मी त्याला म्हटलं, "तुझ्या मित्राच्या लग्नाची पत्रिका सात वर्षांपूर्वी आली होती, ती घेऊन आज त्याच्या बहिणीच्या लग्नाला जातोस का?" म्हणाला, नाही. "तुझा बाप त्या बोलावण्यावर नीलेशच्या लग्नाला येऊन जेवून गेला. आता त्याला नवीन बोलावणं पाहिजे."

मनिषा म्हणाली, "आई, मी म्हणू का?" मी म्हटलं, तू घरचीच. शिवाय तुझा सूर. हे म्हटल्यावर वाईट वाटलं, म्हणून तेही लिही.

दुसरी धवलारीण शोधायची म्हटलं तर उरलेल्या सगळ्या आता कॅसिओवर गातात. त्यांच्याकडे नावं छापील येतात.

२१ एप्रिल, मंगळवार

शकूला नावं पुन्हा शिकवायला बसले. शिकवायचं म्हणजे मीच रमेशचं नाव घेऊन दाखवायचं, आणि तेच तर करायचं नाही. मग मितेशने त्याचे इअरफोन तिच्या कानात घातले आणि नीलेशच्या मांडवातली ओळ लावली. म्हटलं, बघू, तिचा आवाज तिला ओळखू येतो का.

शकू ऐकत राहिली. मान डोलवायला लागली. हात आपोआप मांडीवर ताल धरायला लागला.

"कोन गो ही?"

"कोन वाटते?"

"नाय माहीत. पन गला चांगला हाय बाय. तुझ्यापेक्षा चांगला."

"ते खरं हाय."

"हिलाच बोलाव ना लग्नाला. मना कनाला बोलावतेस?"

मितेश उठून गच्चीवर गेला. मी इअरफोन काढले. शकू म्हणाली, "र्‍हाऊ दे ना, बरं वाटते." पुन्हा घातले. चहा निवला तरी ती स्वतःला ऐकत बसली होती.

२५ एप्रिल, शनिवार

जगनशी भांडले. शकू येणार, माझ्या उजव्या अंगालाच बसणार. गप्प बसली तर गप्प बसेल. लोकांना हसायचं असेल तर जेवून झाल्यावर हसा म्हणावं.

डीजेवाल्याशी भांडले. धवल्याच्या वेळी अर्धा तास बंद. म्हणतो, काकी, वीस मिनिटं. मी मशीन काढून हातात धरली, म्हटलं, मला काहीच ऐकू येत नाही, तू अर्धा तास म्हणालास ना? म्हणाला, हो.

मनिषाशी भांडले, कशावरून ते आठवत नाही. तिला आठवतं, पण ती लिहीत नाही.

रमेशला कोण बोलावणार, ते अजून ठरलं नाही. वाटतं, दंडक मोडावा आणि मीच हाक मारावी. साळूआत्या मरून तीस वर्षं झाली, ती काय करणार आहे. पण मला माझा गळा माहीत आहे. रमेशचं नाव त्याच्यातून सरळ निघणार नाही, आणि भाविका समोर हळद लावून बसलेली. बोलावलंच नाही तर? मांडवात सगळे पूर्वज येऊन बसतील, आणि पोरीचा बाप तेवढा दारात.

३ मे, रविवार

तीस तारखेला हळद झाली, एक तारखेला लग्न. भाविका काल गेली. घर रिकामं आहे, आता सांगते. मनिषा, हळदीला तू दोनदा विचारलंस शकूमावशी काय म्हणाल्या, आणि मी सांगितलं नाही. आता लिहून घे.

संध्याकाळी मांडवात बसलो. शकूला जगनने आणलं, हिरवी साडी, नथ. डीजे बंद झाला तरी माझ्या कानात जत्रा होती. वाट्यांची खणखण, तीस बायकांच्या बांगड्या, खुर्च्या ओढणं, वर विमान. तीन नंबर लावला. डोळे उघडे ठेवले. साड्या दिसल्या, पण ओळ गेली नाही.

माझी ओळ मी म्हटली, शकूचीही मीच म्हटली. ती शेजारी ओठ हलवत होती, मध्येच एखादा शब्द तिच्या तोंडून निघायचा, तेवढ्यापुरती मी थांबायचे. लोकांना वाटलं असेल, असंच असतं. देव येऊन बसले. मग नावांची जागा आली.

"मांडवाचे दारी गो, कोन पावना उभा?"

काही नाही. मशीनने काही खाल्लं नाही, काही नव्हतंच. मी पुन्हा विचारलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. डीजेवाला लांबून मनगटावर बोट ठेवून दाखवत होता. भाविका खाली मान घालून बसली होती, तिला माहीत होतं ही कुठली जागा आहे. मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि आता माझ्याच तोंडात नाव आलं होतं, सूर फाटायला लागला होता, तेव्हा शकू माझ्याकडे वाकली. गाण्यात नाही. शेजारणीला विचारावं तसं, हळू.

"भामे, रम्या कुठं दिसत नाय गो? पोरीची हलद, आनि बापूस कुठं गेला?"

तू पलीकडे तांब्या घेऊन उभी होतीस. तुला फक्त ओठ दिसले. एवढ्या कालव्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही, माझ्याशिवाय.

मी म्हटलं, "दारात हाय."

शकू वैतागली. कपाळाला आठी. आपल्या घरात रमेश लहानपणी चिखलाच्या पायांनी यायचा, तेव्हा ती त्याला अशीच ओरडायची.

"दारात कनाला उभा? परका हाय का तो? रम्या, ये रे आत. पाय धू आनि बस पोरीजवल."

मग ती पुन्हा सरळ बसली आणि समोरच्या वाटीतली हळद बघायला लागली.

त्याच्यापुढची ओळ, आलेल्याला पाट मांडायची, ती माझी आहे. मी ती म्हटली. सूर सरळ आला.